आई गप्प होती तेव्हा

ताईंना मूलबाळ नव्हतं. लग्नच झालं नव्हतं, तर मूल कुठून असणार. तरीही रक्तदाब तपासायला गेल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "झोप कधीपासून लागत नाही?" आणि ताई म्हणाल्या, "मुलगा गेल्यापासून." डॉक्टरांनी मान हलवली आणि कार्डावर तसं लिहून घेतलं. रस्त्यावर आल्यावर आपण काय बोललो ते ताईंच्या लक्षात आलं. परत जाऊन दुरुस्ती करायचा त्यांना धीर झाला नाही.

हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. मी संस्थेचे हिशेब बघतो, त्या दुभाष्याचं काम करायच्या. आमची टेबलं समोरासमोर होती. हसता हसता त्या मध्येच थांबल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या.

आमची संस्था गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत उतरणाऱ्या दलित कामगारांसाठी आहे. उतरणारे पिढ्यान्पिढ्या एकाच समाजाचे, वर उभे राहून सही करणारे मात्र हरतऱ्हेच्या जातींचे. परदेशातल्या सफाई कामगारांच्या काही संघटना आमच्याशी जोडलेल्या आहेत. त्या वायू तपासायची यंत्रं, पट्टे, दोर पाठवतात. कोणी आत मेलं आणि इथं कोणी ऐकेनासं झालं, तर त्या ते मरण सगळ्या देशांच्या मोठ्या सभेत नेऊन मांडतात. पण मांडायचं तर मेलेल्याच्या माणसांनी सांगायला हवं, आणि सांगितलेलं पाहुण्यांना कळायला हवं. तिथं ताई लागायच्या.

ताईंचे वडील गटारातच उतरायचे. ताई शिकल्या आणि मालवाहतुकीच्या एका कचेरीत टंकलेखनाला लागल्या. साहेब लोकांची पत्रं टाइप करता करता परदेशी भाषा त्यांच्या जिभेवर बसली. तिथं त्यांच्या भाषेचं कौतुक व्हायचं, आडनाव कळलं की कौतुक जरा आवरतं घेतलं जायचं. संस्थेत आल्यावर त्यांनी स्वतःची एक पद्धत ठरवली. समोरची बाई बोलायची तसंच त्या बोलायच्या, जणू त्याच ती बाई. "'त्या असं म्हणतात' म्हटलं की ऐकणारा एक पाऊल मागं सरकतो," त्या म्हणायच्या. "मला त्याला मागं सरकू द्यायचं नाही."

त्यामुळं झालं असं की ताईंच्या तोंडून कितीतरी माणसं मेली. नवरे मेले, भाऊ मेले, मुलं मेली. मान खाली, नजर आपल्या हातांवर, आवाज सांगणारीचा. ऐकताना अंगावर काटा यायचा. पाहुणे आपल्या देशात परत जायचे, बायका आपापल्या कामाला. मेलेली माणसं तेवढी ताईंबरोबर घरी यायची.

घरी त्यांची थोरली वहिनी होती. भाऊ गेल्यापासून दोघीच राहायच्या. वहिनी तोंडाची फटकळ. ताई दारात आल्या की ती आतूनच विचारायची, "आज कोण आलंय?"

"टाकीत गेलेल्या त्या वॉचमनची बायको," ताई चपला काढत सांगायच्या.

"मग तिला म्हणावं हातपाय धुऊन घे. आणि आमची नणंद कुठं दिसली तर पाठवून दे. जिभेला हाड नसतं म्हणतात, तुझ्या जिभेला तर मालकच राहिला नाही."

वहिनी थट्टा करायची, पण ती घाबरलेली होती. मी एकदा त्यांच्याकडे गेलो असताना तिनं मला न्हाणीघर दाखवलं. मोरीच्या तोंडावर लाकडी पाट होता आणि पाटावर पाण्यानं भरलेली बादली. "अंघोळ झाली की रोज झाकते. म्हणते, खालून कोणीतरी श्वास घेतं. मी म्हटलं, बाई, पाणी जातंय ते. तर म्हणते, पाण्याचा आवाज मला ओळखता येतो." रस्त्यावर लोखंडी झाकण दिसलं की ताई वळसा घालून जायच्या. हे मात्र मीही पाहिलं होतं.

परदेशातून येणाऱ्यांत एक बाई दरवेळी असायच्या. दारातून वाकून यावं लागे इतक्या उंच. वस्तीतल्या बायकांनी त्यांचं नाव उंच मावशी ठेवलं. आमच्या भाषेतला एकच शब्द त्यांना नीट यायचा, "बसा". तो त्या येणाऱ्यालाही म्हणायच्या आणि निघालेल्यालाही. बायका म्हणायच्या, "हिच्या घरी गेलं की सुटका नाही." मावशी मात्र नुसत्या दया दाखवायला येणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्या देशातही कातडी कमावणाऱ्यांच्या वस्त्या नदीपलीकडे असत. त्यांचे आजोबा, वडील तेच काम करायचे. "आता आमच्याकडे कोणी जात विचारत नाही," त्या एकदा म्हणाल्या. "लग्न ठरवताना फक्त पत्ता विचारतात." ताईंनी ते आम्हाला सांगितलं, तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे आपलीच की." तेव्हापासून मावशी आपल्याच.

मग त्या पोराचं झालं. मिसरूड नुकतं फुटलेलं पोरगं. तो आणि त्याची आई एका खोलीत राहायचे, आई दवाखान्यात झाडलोट करायची. एका इमारतीच्या मागच्या टाकीत तो मेलेला सापडला. कंत्राटदार म्हणाला, याला आम्ही बोलावलंच नव्हतं. याचा मोबाईल टाकीत पडला, तो काढायला हा स्वतःहून उतरला. बरोबरचे दोघे दुसऱ्या दिवसापासून दिसेनासे झाले. कागदावर ते कामावरचं मरण नव्हतंच. अपघात, तोही स्वतःच्या हातानं. पोराला कामाला बोलावलं होतं हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्याची आई.

उंच मावशींनी कळवलं, आम्ही येतो. आईनं सांगितलं तर पुढच्या मोठ्या सभेत पोराचं नाव जाईल आणि तिथून इथल्या सरकारला उत्तर द्यावं लागेल.

ताई तयारीसाठी आईच्या खोलीवर जायच्या. तिच्या बोलण्याची लय, कुठं थांबते, कुठं पदर तोंडाला लावते, सगळं त्या आत घ्यायच्या. आई बरंच सांगायची: पोराचं लहानपण, त्याचा हट्टी स्वभाव, ओळख पटवायला गेल्यावर दिसलेले त्याचे पाय. पण त्या सकाळपाशी आली की भांडी घासायला उठायची. एकदा घासता घासताच, पाठमोरी, ती बोलली.

"तो नाही म्हणत होता, ताई. मुकादमाचा फोन आला तर म्हणाला, तिथं वास मारतोय, मी जात नाही. मुकादम म्हणाला, नाही आलास तर पुन्हा येऊच नको. मीच म्हटलं, जा रे, एका दिवसानं कोणी मरत नाही."

नळ चालूच होता.

"हे तुमच्यापाशी ठेवा," आई म्हणाली. "त्या पाहुण्यांपुढं नाही सांगायचं."

ताईंनी मान डोलावली. पुढे त्या मला म्हणाल्या, घरी आल्यावर स्वयंपाक करताना त्या सगळी सकाळ मोठ्यानं बोलून बघायच्या, परदेशी भाषेत. पद्धतच होती. त्या वाक्यापाशी आल्या की थांबायच्या. पण थांबलेलं वाक्य जास्त आवाज करतं. फोडणी करताना, केस विंचरताना ते आतून बोलत राहायचं, आणि आवाज आईचा नसायचा, त्यांचा स्वतःचा असायचा.

बैठक आमच्या संस्थेच्या लांब खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला उंच मावशी आणि दुसऱ्या देशांतले पाहुणे, दुसऱ्या बाजूला आई, तिच्या शेजारी ताई. मी टिपणं घ्यायला भिंतीशी. ती भाषा मला कामापुरती कळते.

आई बरी बोलत होती. एका पाहुण्यानं हळूच विचारलं, "त्या सकाळी काय झालं?"

"उठला," आई म्हणाली. "चहा घेतला. फोन आला." आणि गप्प झाली.

ताई तिच्या अर्धं वाक्य मागं बोलत होत्या. उठला. चहा घेतला. फोन आला. आई थांबली, ताई थांबल्या नाहीत. मान खाली, नजर हातांवर, त्याच लयीत त्या पुढे गेल्या. तो म्हणाला, तिथं वास मारतोय, मी जात नाही. मी म्हटलं, जा रे, एका दिवसानं कोणी मरत नाही.

पाहुण्यांतल्या एकीनं तोंडावर हात ठेवला. मी लिहिता लिहिता वर पाहिलं. आईचे ओठ मिटलेले होते आणि ती ताईंकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "मी गप्प होते. तुम्ही काय बोललात?"

खोटं सांगणं सोपं होतं. प्रश्न परत विचारला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं; आईला ती भाषा येत नव्हती. आणि त्या वाक्यावरच तर सगळं उभं होतं. पोराला कामाला बोलावलं होतं हे त्यातूनच दिसत होतं. ताईंनी मान वर केली.

"तुम्ही जे ठेवायला दिलं होतं, ते बोलले," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही. पण बोलले."

आई उठली. खुर्ची सरळ करून ठेवली, जशी दवाखान्यात ठेवत असेल, आणि निघून गेली.

ताईंनी पाहुण्यांना सांगितलं, शेवटचं ते बोलणं आईचं नव्हतं. एक तरुण पाहुणा म्हणाला, "पण खरं आहे ना? मग राहू द्या. याच्याशिवाय आपल्या हातात काहीच नाही."

उंच मावशींनी माझ्याकडे बघून बोटानं खूण केली, खोडा. मग त्याला म्हणाल्या, "आमच्या लोकांच्या तोंडी इतरांनी फार वाक्यं घातली. ती तेव्हाही आमच्या भल्यासाठीच होती."

मी खोडलं.

त्या संध्याकाळी ताई आईच्या खोलीवर गेल्या. आईनं दार उघडलं, आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"रोज ऐकते मी ते," आई म्हणाली. "झाडू मारताना, जेवताना. वाटायचं, आपल्याच डोक्यात आहे, बाहेर कुणाला ऐकू येत नाही. काल-परवापर्यंत तेवढाच आधार होता. आज तुम्ही बोललात, भाषा कळली नाही, पण तेच आहे हे कळलं. माझ्याच आवाजात होतं."

"मी पुन्हा नाही बोलणार," ताई म्हणाल्या. "तुमच्यासाठी ते दुसरी बाई आणतील."

"दुसरी कशाला? तिच्याही मागं ते लागायचं." आईनं पदर खोचला. "पाहुणे कधी जाणार?"

"उद्या."

"मग उद्या येते. मी बोलेन. मध्ये कोणी बोलायचं नाही. तुम्ही बसा शेजारी, पण तोंड मिटून."

उंच मावशींनी लगेच मान्य केलं. बोलणं आवाज टिपणाऱ्या यंत्रावर घ्यायचं, आणि तिकडे गेल्यावर कोणाकडून तरी त्यांच्या भाषेत उतरवून घ्यायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी आई त्याच खुर्चीवर बसली. समोरच्या एकाही माणसाला तिचा शब्द कळत नव्हता. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, ताईंकडे बघून बोलत होती. फोन, मुकादम, वास, सगळं सांगितलं. मग ते वाक्य आलं. तिच्या तोंडून ते ताईंनी म्हटलं होतं त्यापेक्षा कितीतरी हळू आलं.

आणि ती तिथंच थांबली नाही. जे तिनं भांडी घासतानाही सांगितलं नव्हतं, ते पुढे होतं.

"तो दारात उभा राहिला. मी जा म्हटलं तरी उभाच. मग मी दार लावून घेतलं. कडी घातली, गेलाच पाहिजे म्हणून. तो किती वेळ बाहेर होता मला माहीत नाही. त्यानं एकदा दारावर हात ठेवला. मी उघडलं नाही."

माझ्या शेजारी बसलेला तो तरुण पाहुणा ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होता, काही कळतं का म्हणून. ताईंचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि मांडीवरचे दोन्ही हात एकमेकांना धरून होते. हे आपल्याला आधी सांगितलं नव्हतं, याचं त्यांना बरं वाटत होतं की वाईट, ते मला सांगता येणार नाही.

यंत्र बंद झालं. उंच मावशींनी आपल्या लांब हातांनी ते पुसलं, पिशवीत ठेवलं आणि आईला म्हणाल्या, "बसा." आई बसलेलीच होती. ती किंचित हसली. मग तिनं ताईंना विचारलं, "हे आता तिकडे कोण बोलणार?"

"तिथं आपली भाषा येणारी कोणीतरी बाई असेल."

"तिला मुलगा आहे का?"

"माहीत नाही."

"विचारा यांना. असेल तर तिला नका देऊ."

ताईंनी मावशींना तेवढं सांगितलं. त्या दिवशी परदेशी भाषेत त्या बोलल्या ते एवढंच. मावशींनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. मूल नसलेली आणि दोन्ही भाषा येणारी बाई शोधायला त्यांना तिकडे बराच काळ लागला. सभेत पोराचं नाव कामावर मेलेल्यांत वाचलं गेलं, सरकारचं उत्तर अजून यायचंय. ताईंनी नंतर दुभाष्याचं काम सोडलं. त्या आता संस्थेत नव्या मुलींना भाषा शिकवतात. सुरुवातीला शिकवताना मध्येच उठून दाराशी जायच्या, कडी उघडून बाहेर बघायच्या, आणि कोणी नाही म्हणून परत येऊन बसायच्या. मुली आता दार उघडंच ठेवतात.