सासूबाईंचं मौन आणि दोन पिवळे

अन्नपूर्णा मंदिराजवळच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत पूर्वी सोफा होता, तिथे आता माझा हातमाग आहे. सोफा हातोदला दिरांकडे गेला तो एका अटीवर. दिवाळीपर्यंत माझ्या कापडाला एखादं कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर माग विकायचा आणि सोफा परत आणायचा. अट नवऱ्याची. मी शाळेतली नोकरी सोडून महेश्वरला विणायला शिकून आले, तेव्हापासून तो मागाला 'तुझी खाट' म्हणतो. सासूबाईंनी अटीवर मत दिलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की आजेसासऱ्यांपासून सगळे संस्थानच्या दफ्तरात होते, घरात दुकानदारी कुणी केली नाही.

तरी रोज सकाळी पूजा आटोपली की त्या मागासमोरच्या खुर्चीत येऊन वाती वळत बसायच्या. तिथे उजेड चांगला येतो, हे कारण. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळंच दिसायला लागलं होतं. पंख्यावरची धूळ, माझे पिकलेले केस, समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी परत तीच साडी नेसलेली. ऑपरेशनच्या आधी आम्ही किती सुखात होतो, ते नंतर कळलं.

त्यात चातुर्मास लागला. यंदा त्यांनी नेम धरला, पूजेपासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन. घरात आनंदीआनंद झाला, पण दोनच दिवस टिकला. कारण खुणा करायला बंदी नव्हती. लिहायला मात्र होती. "लिहिणं म्हणजे बोलणंच की," असं त्यांनी आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं. खुणाही अशा, की 'चहा हवा' आणि 'गॅस बंद कर' यांना हात एकसारखाच हलायचा.

भाद्रपदात एका दुकानवाल्या बाईंचा फोन आला. त्यांना पिवळे स्टोल हवे होते, पसंत पडले तर दर महिन्याला घेणार होत्या. परवा घरी येऊन मागावरच बघते म्हणाल्या. मंदिराजवळच्या ज्यूसवाल्याकडून पिशवीभर डाळिंबाच्या साली आणून मी सूत पिवळं रंगवून ठेवलं होतं, ते काढलं, छोट्या कांड्यांवर गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागावर बसले. धोट्यात कांडी घालायची, धोटा इकडून तिकडे पळवायचा, फणी ठोकायची. हात छान चालला होता.

तासाभराने सासूबाईंनी टाळी वाजवली. मी वर पाहिलं. त्यांनी कापडाकडे बोट दाखवलं, मग देवघरातल्या हळदीच्या करंड्याकडे, मग दोन बोटं वर केली.

"दोन कप? हळदीचं दूध?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, डोकं दुखतंय. मी उठून हळदीचं दूध करून आणलं. त्यांनी ते असं बाजूला ठेवलं, की माझाही पारा चढला.

"आई, उद्या बाई येणार आहेत. मला काम करू द्या."

पुन्हा टाळी, पुन्हा हळद, पुन्हा दोन बोटं. मी पाठ ताठ केली आणि हट्टाने ठोकत राहिले. दुपारपर्यंत चांगलं हातभर कापड झालं.

जेवणं झाली, त्यांनी चूळ भरली आणि पहिलं वाक्य आलं, "दोन पिवळे आहेत त्यात! केव्हाची इशारे करतेय, तुझं ध्यानच नाही!"

मी हसले. रंग मी केला, सूत माझं, मला दिसत नाही आणि यांना दिसतं? त्यांनी मला दंडाला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. मागावर बसलेल्या माणसाचं नाक कापडाला लागलेलं असतं, त्याला धागे दिसतात, कापड दिसत नाही. खुर्चीतून दिसलं. वर वरणाचं पाणी आणि खाली बसलेली डाळ, असे सरळ दोन पट्टे. सूत दोन पातेल्यांत रंगवलं होतं आणि दोन्हींच्या कांड्या मी एकाच टोपलीत टाकल्या होत्या. शिकाऊ पोरीनेसुद्धा करू नये अशी चूक.

दुपारभर ते उसवत बसले. "तूच घातलंस, तूच काढ," सासूबाई म्हणाल्या, आणि निघालेलं सूत स्वतः गुंडाळत बसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी एकाच पातेल्याच्या कांड्या घेऊन पुन्हा विणलं.

बाई अकराला आल्या, म्हणजे ऐन मौनात. कापडावरून हात फिरवला. "काम तर एकदम बढिया आहे. पण हे बघा ना, इथून पुढे शेड थोडी डार्क नाही वाटत?"

मी पाहिलं. खरंच अर्धं कापड गडद दिसत होतं. कालपासून माझ्या डोळ्यांवरचा माझाच विश्वास उडाला होता. तेवढ्यात सासूबाई हवेत हात आडवा ओढायला लागल्या. मला वाटलं, दार लाव म्हणतायत. मी दार लावलं. खोली आणखी काळोखली, सासूबाईंचे हात आणखी जोरात हलले. आता कबूल करून टाकावं, राहू द्या म्हणावं, म्हणून मी तोंड उघडलं.

"परदा सरकव गं!"

सासूबाई बोलल्या होत्या.

"परद्याची सावली आहे ती," त्या बाईंना म्हणाल्या. "काल हिचा रंग चुकला होता, तर सगळं उसवून परत विणलं हिनं. आज एक धागा इकडचा तिकडे नाही. मी स्वतः बघत बसलेय ना सकाळपासून!"

पडदा सरकवला. सगळं कापड एकाच रंगाचं निघालं. बाई हसल्या आणि दर महिन्याला आठ स्टोल सांगून गेल्या. सोळा वर्षांत सासूबाईंनी परक्या माणसापुढे माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नाही. मी सरबताचे पेले ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन रडले.

"आई, तुमचं मौन मोडलं," मी बाहेर येऊन म्हणाले.

"मार्गशीर्षात महिनाभर जास्त करीन. देवाला माझे इशारे समजतात, तुला समजत नाहीत, तर मी काय करू?" एवढं बोलून त्या जेवणापर्यंत पुन्हा गप्प बसल्या.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी दीर आले. नवरा म्हणाला, "गिऱ्हाईक मिळालं ते ठीक, पण पाहुणे बसणार कुठे? आई, सोफा परत आणू या ना?"

चातुर्मास अजून संपायचा होता, मौन चालूच होतं. सासूबाईंनी मागाकडे बोट दाखवलं, जोरात मान हलवली आणि मग जमिनीवर दोनदा हात आपटला.

"आईला चहा हवाय वाटतं," दीर म्हणाले. नवरा गॅस बंद करायला धावला.

मी आतून सतरंजी आणली आणि पाहुण्यांसाठी मागापुढे अंथरली. सासूबाईंनी वाती वळायला घेतल्या.