कोपऱ्यातली खाट

आमच्या वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरांना आम्ही सिस्टर मंडळी पाठीमागे 'ज्योतिषी' म्हणायचो. फवारणीचं औषध अंगात भिनलेला रुग्ण आला, की हे आधी नाडी बघायचे नाहीत, रक्ताचा रिपोर्ट मागायचे. अशा विषबाधेत रक्तातलं एक एन्झाइम घसरतं. ते फारच घसरलेलं दिसलं, की साहेब मान हलवून म्हणायचे, "हा जगत नाही. कोपऱ्यात."

कोपऱ्यातली खाट आमच्या टेबलापासून सगळ्यात लांब. तिथल्या माणसाचा श्वास अडकला तरी इकडे पत्ता लागत नसे. तिथले बहुतेक दगावत आणि साहेबांचं भाकीत खरं ठरे. त्यावर त्यांनी डॉक्टरांच्या परिषदेत भाषणही ठोकलं होतं. मी एकदा म्हटलं, "सर, खाट बदलून बघू या का?"

"सिस्टर, रक्त खोटं बोलत नाही."

माझं डोकं फिरलं, पण खाट तिथेच राहिली.

मग त्यांचा मेहुणाच आला. बंगल्यातल्या गुलाबांवर या शहाण्यानं तोंडाला फडकंही न बांधता औषध मारलं होतं. रिपोर्ट बघून साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दारात बाईसाहेब उभ्या होत्या. "माझ्या भावाला काही झालं, तर घरी यायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

"मशीन बिघडलंय, पुन्हा तपासा," साहेब ओरडले. पुन्हा तोच आकडा. मग मेहुणा थेट आमच्या टेबलाशेजारी. साहेब खुर्ची टाकून बसले, स्वतः त्याच्या घशातली लाळ नळीनं ओढत राहिले, उताऱ्याचे डोस वाढवत राहिले. मेहुणा वाचला.

"अपवाद," साहेब म्हणाले.

तो उठून चहा पीत होता, त्या सकाळी फवारणीवरचा एक मजूर आला. बायको स्ट्रेचरचा दांडा सोडेना. आकडा अगदी मेहुण्याचाच. साहेबांनी सवयीनं मान हलवली. "कोपऱ्यात."

"भावोजी, माझाही एवढाच होता ना?" मेहुण्यानं कप खाली ठेवला आणि उशी काखोटीला मारली. "मी जातो तिकडे. काही झालं तर मला आता हाक मारता येते."

साहेब रिपोर्टमध्ये डोकं खुपसून उभे राहिले. मी मजुराला टेबलाशेजारी घेतलं आणि तीच खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, सर. लाळ तुम्ही फार छान ओढता."

साहेब रागानं लाल झाले. मजुराची बायको दांडा धरून त्यांच्याकडेच बघत होती. ते बसले.