आईच्या नखांवरची नेलपॉलिश

मित्रांनो, दवाखान्यासमोरच्या नेट कॅफेतून लिहितोय. घरी कुणाशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आईला फार दम लागत होता, म्हणून सकाळी आष्टीहून जालन्याला आणलं. नर्सनं बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, पण नेलपॉलिशमुळे आकडा नीट येईना.

"मावशी, हे पुसावं लागंल."

आईनं मूठ मिटून घेतली.

तिनं जन्मात कधी नखं रंगवली नव्हती. माझ्या बहिणीचा, सुमीचा साखरपुडा झाला तेव्हापासून लावायला लागली. आम्हाला वाटलं, लेकीच्या लग्नाची हौस.

नर्सनं पुसलं तर खालून निळी पडलेली नखं निघाली.

"कधीपासून असं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"लई दिवस झाले. लग्न लांबलं असतं, म्हणून न्हाई सांगितलं."

डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. हृदय पार थकलंय, आता ऑपरेशनही झेपणार नाही, म्हणाले.

मी आत आलो तर आई म्हणाली, "सुमीला बिलकुल सांगू नको. तिला सासरी जाऊ दे, मंग बघू."

लग्न पुढच्या आठवड्यात आहे. सुमीचे फोन येऊन राह्यलेत, मी उचलत नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर तिला सांगितलं असतं का?