आईचा अंगठा

मंडळी, आज रेशन दुकानात मशीननं आईचा अंगठा चार वेळा नाकारला. चाळीस वर्षं विड्या वळून रेषाच झिजल्यात तिच्या. दुकानदार म्हणाला, "उद्या या."

मागे आमच्या गल्लीतले निवृत्त साहेब पिशवी घेऊन उभे होते. मास्क खाली ओढून म्हणाले, "लॉकडाऊनमध्ये फुकट धान्य मिळतंय, म्हणून लोक आळशी झालेत. कष्टाची सवयच राहिली नाही."

माझं डोकं फिरलं.

"साहेब, आता तुमी ठेवा की अंगठा."

त्यांनी ठेवला. मशीननं पहिल्याच दमात घेतला.

"बघा, तुमचा अजून नवाच हाय की."

गरिबांच्या आळसावर लिहिणाऱ्यांनो, आधी आपापला अंगठा बघा. मग खुशाल कमेंट करा.