ठिपके थांबवणारी ताई

तबकडीवाल्याच्या दुकानात कामाचं टेबल एक आणि खुर्चीही एकच. जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचे म्हटलं की मात्र तो यंत्रात डोकं खुपसायचा. ते काम त्याची थोरली बहीण करायची. तिला अख्खा रस्ता ताई म्हणायचा. टेलिफोनच्या कारखान्यात वायरी जोडण्यात तिची हयात गेली होती, पण इथं ती काउंटर सोडून टेबलापाशी आली की भाऊ पक्कड उचलून स्वतःच्या खिशात घालायचा.

तिला टेबलापाशी दुसरी खुर्ची हवी होती. तिनं हे अनेकदा सांगितलं होतं. शेवटी एकदा त्यानं वर बोट दाखवलं. ‘‘आधी ही ट्यूब गप्प करून दाखव. मग बघू.’’

टेबलावरच्या ट्यूबचा चोक दिवसभर गुणगुणायचा. दुरुस्त झालेलं यंत्र ऐकायला बसलेलं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, की ही घरघर आतली की बाहेरची? समजावता समजावता ताईचं तोंड दुखायचं.

रविवारी दुकान बंद असताना तिनं काम काढलं. मेन स्विच बंद केला, वायरीत करंट नाही याची टेस्टरनं खात्री केली आणि पट्टी उघडली. तापून काळवंडलेला चोक आणि स्टार्टर, दोन्ही तिनं काढून टाकले. मेनकडून येणाऱ्या दोन वायरी सरळ एका टोकाच्या होल्डरला जोडल्या. दुसऱ्या टोकाच्या होल्डरला आता ट्यूब धरण्यापलीकडे काम नव्हतं. नव्या एलईडी ट्यूबच्या एका टोकावर वीज देण्याची खूण होती. ते टोक बरोबर बाजूला आहे ना, हे तिनं पुन्हा एकदा पाहिलं. उलटं बसलं असतं तर फ्यूजनं उडून तिथल्या तिथं तिचं नाक कापलं असतं.

स्विच लावला. ना लुकलुक, ना गुणगुण. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, वर बघून ‘‘हं’’ म्हणाला. त्याच्या मानानं हा जाहीर सत्कारच होता.

पण दुपारपर्यंत त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. टेबलावर नृत्यशिक्षिकेचं यंत्र होतं, संध्याकाळी द्यायचं. तिच्या वर्गाची पावलं त्या यंत्राच्या तालावर पडायची, त्यामुळे वेग तंतोतंत हवा. वेग बघायची सोय यंत्रातच असते: फिरत्या थाळीच्या कडेला ठिपके असतात, वेग बरोबर असला की ते फिरत असूनही जागच्या जागी उभे दिसतात. आज ते उभेच राहीनात. कडेला नुसता राखाडी पट्टा दिसत होता. त्यानं मोटार उघडली, जमिनीवर ओघळेपर्यंत तेल घातलं, मोटारीचा रबरी पट्टा बदलला. शेवटी हात झटकून म्हणाला, ‘‘तुझ्या उजेडाचाच काहीतरी घोळ आहे. जुनी ट्यूब परत लाव.’’

‘‘नाचता येईना अंगण वाकडं,’’ ताई म्हणाली. जुनी ट्यूब परत वर गेली की खुर्चीही गेली, हे तिला कळत होतं.

तिनं पाठ असलेलं एक गाणं लावलं. कानाला तरी सूर जिथल्या तिथं होता. म्हणजे यंत्र फारसं चुकत नव्हतं, ठिपकेच खोटं बोलत होते. तिनं यंत्र उचलून दाराशी उन्हात ठेवलं. तिथंही पट्टाच. भाऊ सहज म्हणाला, उन्हात ते कधीच उभे राहत नाहीत, त्याच्या उस्तादानं त्याला ट्यूबखालीच बघायला शिकवलं होतं. का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

ताईनं विचारलं, स्वतःलाच. जुनी ट्यूब विजेबरोबर सेकंदाला शंभरदा उजळायची आणि मंदावायची, डोळ्याला न कळेल इतक्या झपाट्यानं. दर उजळण्याला पुढचा ठिपका मागच्याच्या जागी आलेला असायचा, म्हणून त्या लुकलुकीतच ठिपके उभे दिसायचे. नवी ट्यूब स्थिर. या वेळी अंगण खरंच वाकडं होतं, किंवा खरं तर फारच सरळ झालं होतं.

मग दुकानात विजेबरोबर लुकलुकणारं आणखी काय उरलं? तिनं साधा बल्ब धरून पाहिला. पट्ट्यात ठिपके पुसटसे दिसले, इतकंच. तिची नजर एक्स्टेन्शन बोर्डावरच्या बारीक लाल दिव्याकडे गेली. तिनं शटर अर्धं ओढलं, ट्यूब बंद केली आणि बोर्ड थाळीच्या कडेला टेकवला.

अंधारात लाल ठिपके हळूहळू पुढे सरकत होते.

‘‘जरा जोरात चाललंय,’’ ती म्हणाली. ‘‘कमी कर.’’

भावानं वेगाचा स्क्रू किंचित फिरवला. ठिपके रेंगाळले, आणि शिपायांच्या रांगेसारखे थांबले.

त्यानं वाकून ठिपके पुन्हा एकदा पाहिले. मग खिशातली पक्कड काढून त्यानं टेबलावर ठेवली, तिच्या बाजूला.

संध्याकाळी नृत्यशिक्षिकेनं उभ्या उभ्या एक रेकॉर्ड ऐकली, पायानं ठेका धरला आणि दुकानात आज किती शांत वाटतंय, असं म्हणाली. ती गेल्यावर भाऊ तोंड फिरवून बोलला, ‘‘उद्याचं यंत्र तू उघड. तेल बेतानं घाल.’’

‘‘मोटारीत तेल किती घालायचं ते आज मी पाहिलंय,’’ ताई म्हणाली. ‘‘जमिनीवर अजून आहे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती समोरच्या सुताराकडून खुर्ची घेऊन आली. हातांची, मागे उंच पाठ असलेली. भावाच्या खुर्चीला हात नव्हते.