विंडोजवाल्यांनीही असेच करावे

लॉरीन डायक्स्ट्राने एकोणीस वर्षं ग्रँड रॅपिड्सच्या एका क्लाउड स्टोरेज कंपनीत मदतीची पानं लिहिली. फायली वर कशा चढवायच्या, खाली कशा उतरवायच्या, हे तिच्याइतकं सोपं करून सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. पण ऑफिसात झाडून सगळ्यांकडे मॅक. तपासणीसाठी घेतलेला एकुलता एक विंडोज संगणक कॉफीच्या यंत्रामागे धूळ खात पडलेला. तो सुरू व्हायलाच वीस मिनिटं लागायची. म्हणून सगळे मॅकवर करून बघायचे आणि पानाच्या तळाशी एक ओळ ठोकून द्यायचे: विंडोजवाल्यांनीही असेच करावे. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक विंडोजवालं, पण ते ऑफिसात थोडंच बसत होतं!

"अगं, लिही आणि मोकळी हो," साहेब डीन म्हणायचा. "उद्या टोस्टरवाले आले तर त्यांच्यासाठीही वेगळं लिहिशील का?" लॉरीनही हसायची.

मार्चमध्ये हॅनकॉकहून आर्डिस पेल्टोला या म्हाताऱ्या बाईंची तक्रार आली. त्यांचा नवरा रेनो घशाच्या कॅन्सरने गेला होता. ऑपरेशननंतर बोलता येणार नाही म्हणून त्याने आधीच बायकोसाठी एकेचाळीस निरोप रेकॉर्ड करून ठेवले होते. लॅपटॉपवर जागा उरली नाही, तेव्हा बाईंनी पान वाचून त्या निरोपांचं फोल्डर लॅपटॉपवरून काढून टाकलं. क्लाउडमधली प्रत सुरक्षित राहते, असं पानावर होतं. मॅकवर राहायची. विंडोजवर दोन्हीकडून जायची. क्लाउडची कचरापेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होई, आणि बाईंना कळलं चाळिसाव्या दिवशी.

लॉरीनने तो जुना संगणक पुसून सुरू केला आणि स्वतःच्या पानाबरहुकूम करून बघितलं. फोल्डर दोन्हीकडून गेलं. ती सर्व्हरवाल्यांच्या हातापाया पडली, पण काहीच उरलं नव्हतं. मग नियमात बसत नसताना तिने बाईंना फोन लावला.

"बाई, ते पान मी लिहिलंय. ते चुकीचं आहे."

"छे गं पोरी! किती सोपं लिहिलंयस. चष्मा लावून तीनदा वाचलं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

"नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. मी विंडोजवर करून बघितलंच नव्हतं."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला.

"आता बघितलंस?"

"हो."

"मग सांग, काय दाबलं की परत येतं? सावकाश सांग हं, मी लिहून घेते."

काही दाबून परत येणार नाही, हे लॉरीनला दोनदा सांगावं लागलं.