कंट्रोलर काकांचं वेळापत्रक

कंट्रोलर काकांना "जेवण झालं का?" असं विचारलं तर सरळ "झालं" म्हणतील तर शपथ. आधी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेत आणि मग सांगत, "बारा चाळीसले झालं." त्यांच्या सासूबाई वारल्या तेव्हा मी भेटायला गेले होते. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि काका मला गंभीरपणे म्हणाले, "चार पंचवीसले रवाना झाल्या." मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून मी बाहेर पळाले, आणि सगळ्यांना वाटलं, किती माया हो या पोरीची!

तीसेक वर्षं ते एका तालुक्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते. कोणत्या ते सांगत नाही, उगाच तिथले लोक भांडायला यायचे. खिडकीत बसायचं, माईकवरून गाड्या पुकारायच्या आणि शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. गाडी घाटात पंक्चर होणार, वाटेत लग्नाची वरात आडवी येणार, आणि लोक येऊन जाब विचारणार काकांच्या खिडकीला. काका काय करतील बिचारे? "येतेच आहे, पाच मिनिटं," म्हणायचे. निवृत्त होऊन ते लोणारजवळच्या सुलतानपूरच्या अलीकडे आमच्या फाट्यावर राहायला आले, तरी ती पाच मिनिटं काही त्यांच्या मनातून जाईनात. "संगीताबाई," ते मला म्हणायचे, "मी जिंदगीभर लोकायले खोटं सांगितलं. एक, फक्त एक गाडी मी सांगितल्या टायमाले आली पाहिजे व्हती. चार लोकायच्या समोर." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की माझ्यासारख्या तोंडाळ बाईलाही थट्टा सुचायची नाही.

फाट्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला काढायला काका दर वर्षी माझ्याकडे येत. एका वर्षी त्यांनी मशीनवर अंगठा ठेवला आणि सर्व्हर बसला. आता सर्व्हर उठेपर्यंत काका जिवंत की नाही ते अधांतरीच. त्या आठवड्यात ग्रहण होतं, म्हणून ग्रहणाच्या वेळा सांगणारी एक वेबसाईट माझ्या कॉम्प्युटरवर उघडी होती. तिच्यात खाली एक तक्ता होता. अंतराळ स्थानक आपल्या गावावरून कधी जाणार, कोणत्या दिशेने येणार, कुठे मावळणार, सगळं सेकंदासकट. काकांनी चष्मा वर सरकवला. "हे टाईमटेबल कोणत्या डेपोचं हाय?"

मी सांगितलं की पृथ्वीभोवती एक स्थानक फिरतं, त्यात माणसं राहतात आणि संध्याकाळी ते चांदणीसारखं सरकताना दिसतं. काकांना त्यातलं एकच महत्त्वाचं वाटलं. "अन हे टायमावर येते?"

"सेकंदावर."

"बाई, मी या धंद्यात म्हातारा झालो. मले काऊन बनवून राह्यली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करते तर काका दारात उभे. आत आले, पाणी मागितलं, स्टुलावर बसले आणि हळूच म्हणाले, "आली." मग थोड्या वेळाने पुन्हा, "टायमावर आली, बाई." डोळ्यांत पाणी होतं हो माणसाच्या! मला आधी वाटलं, पेन्शनच आली.

त्या दिवसापासून काकांनी अख्खं आकाश आपल्या डेपोत जमा करून घेतलं. शुक्र म्हणजे सकाळची पहिली. गुरू म्हणजे मुक्कामी गाडी. उल्कावर्षावाला ते "जत्रेच्या ज्यादा गाड्या" म्हणत. चंद्राबद्दल मात्र त्यांचं मत विशेष होतं. "रोज पन्नास मिनिटं लेट. पण इमानदारीनं लेट. उद्या किती लेट येईन ते आजच सांगते. असा ड्रायव्हर मले एक भेटला नाही." आणि आमच्या लोणारला जो दगड वरून येऊन पडला, त्याच्यावर तर त्यांचा भयंकर राग. "त्याची अनाउन्समेंट झाली व्हती काय? नाही ना? म्हून एवढा खड्डा पडला."

मी त्यांच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. फोन आकाशाकडे धरला की समोर कोणता तारा आहे ते नाव दाखवणारं. काकांनी तो पहिल्याच दिवशी जमिनीकडे धरला, आणि ॲप पडलं इमानदार, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचे तारेही दाखवू लागलं. काका माझ्या दुकानात वाकून वाकून फिरले आणि झेरॉक्स मशीनपाशी थबकले. "बाई, तुझ्या मशीनखाली मंगळ हाय. म्हून कागद अडकते." मी त्यांना हाकलून दिलं. संध्याकाळी गिऱ्हाईक नाही असं बघून मशीन हातभर सरकवलं. कागद अडकायचा थांबला, पण हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी सगळ्या गावाची कपाटं हलवली असती.

फोनवर हौशी आकाशनिरीक्षकांचा एक ग्रुप होता, त्यातही ते शिरले. बाकी लोक लांबलचक निरीक्षणं लिहीत. काका लिहीत, "सात एकोणीस. रवाना." एका पुणेकर गृहस्थाने विचारलं, "आपण कोणती दुर्बीण वापरता?" काकांनी बोलून उत्तर पाठवलं, "दुर्बीण नाही जी. डोळेच वापरून राह्यलो. मोतीबिंदू काढेल हाय, एकदम नवे हायेत." त्यावर कुणीतरी "किती गोड बोली!" असं लिहिलं. काका दिवसभर अस्वस्थ. "गोड काऊन म्हणते ते? मी तर डोळ्यायचं सांगितलं."

आता त्या दिवसाची गोष्ट. आधी कबूल करते, चूक माझी होती.

होळीच्या आधीचे दिवस. काकांच्या पुण्यातल्या मुलाने त्यांना नवा फोन पाठवला होता आणि मी त्यात सगळं नव्याने भरून दिलं. गाव विचारलं तिथे आमच्या फाट्याचं नाव काही वेबसाईटला सापडेना, म्हणून सुलतानपूर टाईप केलं, पहिलं आलं त्यावर बोट ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. नव्या फोनने सांगितलं की शनिवारी संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी स्थानक नैऋत्येकडून येणार, चांगलं झळझळीत. काका म्हणाले, "बस. आता लोकायले दाखवतो." आणि शनिवारी सकाळीच ग्रामपंचायतीत जाऊन भोंग्याचा माईक मागून घेतला.

आमच्या भोंग्याची एक खोड आहे. पहिल्या दोन-चार शब्दांना तो नुसता किंचाळतो. काकांनी "अंतराळ" म्हटलं ते त्या किंचाळण्यात गेलं. पुढचं मात्र त्यांच्या जुन्या, नाकातल्या, खणखणीत आवाजात गावभर गेलं. "...स्थानक आज सायंकाळी सात वाजून चार मिनिटांनी आपल्या गावी येत आहे. सर्वांनी फाट्यावर उपस्थित राहावे. धन्यवाद."

आता आमचा फाटा म्हणजे काय? एक कडुनिंब आणि पत्रे उडालेली एक शेड. दर निवडणुकीत आम्हाला बसस्थानक मिळतं आणि निकालानंतर ते परत जातं. त्या गावात तुम्ही "स्थानक येत आहे" म्हणाल, तर काय होईल?

साडेसहाला मी दुकानातून बघते तर फाटा माणसांनी भरलेला. सरपंचबाई नारळ घेऊन हजर. माजी सरपंच हार घेऊन हजर, कारण स्थानक त्यांच्याच काळात मंजूर झालं होतं म्हणे. चहावाल्या दिलीपने चुन्याने रस्त्याच्या कडेला चौकोन आखून ठेवला होता, "माही टपरी स्टँडच्या आतमधी पाहिजे!" आणि सखूआजी कपड्यांची पिशवी घेऊन खाली बसलेली. तिची लेक देऊळगाव राजाला दिलेली. स्टँड होणार म्हणजे आजच गाडी लागणार, असा तिचा साधा हिशेब.

एवढी गर्दी बघून काका भारावून गेले. स्वच्छ खाकी शर्ट घालून आले होते. "पाह्यलं, संगीताबाई? लोकायले सायन्सची किती आवड हाय!" मी नारळाकडे बघितलं, हाराकडे बघितलं, चुन्याच्या चौकोनाकडे बघितलं आणि मला सगळा घोळ समजला.

पावणेसातला सरपंचबाईंनी विचारलं, "काका, साहेब लोक कुठी हायेत? जीप दिसत नाही."

"जीप कायले?" काका म्हणाले. "ते वरून येते."

"वरून म्हंजे मुंबईहून?"

काकांनी बोट आकाशाकडे केलं. मग जो गोंधळ झाला तो मी काय सांगू! माजी सरपंच हार हातात धरून ओरडत होते, दिलीप चुन्याचे पैसे मागत होता, कुणी म्हणालं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. "निवृत्त झाले तरी सवय गेली नाही! येतेच आहे, पाच मिनिटं!" गर्दीतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं आणि सगळे हसले.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी घड्याळ वर धरलं आणि म्हणाले, "बरोबर सात चार. नाही आली तर मी पुन्हा वर पाह्यणार नाही, अन माईक हातात धरणार नाही. जय भीम." मला इतकं वाईट वाटलं! मी पुढे होऊन दिलीपला दोन शब्द चांगलेच सुनावले, त्याने मला सुनावले, सरपंचबाई मध्ये पडल्या, आणि सगळा फाटा एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात आला. काका एकटे घड्याळात बघत उभे.

त्या सगळ्या गलक्यात वर बघणारं एकच माणूस होतं. सखूआजी कंटाळून पिशवीवर डोकं टेकून आडवी झाली होती. ती म्हणाली, "अवं माय, हे काय चाल्लं?"

सगळ्यांनी माना वर केल्या. नैऋत्येकडून एक लखलखीत ठिपका, ना आवाज, ना घाई, कडुनिंबाच्या शेंड्यावरून वर चढत होता. दिलीपचं तोंड उघडंच राहिलं. सरपंचबाईंनी नकळत हात जोडले. काकांनी मात्र आधी घड्याळ बघितलं, मग आकाश, मग पुन्हा घड्याळ, आणि किंचाळले, "सात दोन! दोन मिनिटं आधी! अरे, गाडी टायमाच्या आधी आली!"

"इथं थांबते काय?" आजीने पिशवी उचलत विचारलं.

"नाही आजी, थांबत नाही."

"म्हंजे हेबी एक्सप्रेसच," आजी म्हणाली आणि पिशवी पुन्हा खाली ठेवली.

ठिपका ईशान्येला विझेपर्यंत कुणी हललं नाही. मग आणलेला नारळ वाया कशाला घालवायचा, म्हणून सरपंचबाईंनी तो तिथेच फोडला आणि हार काकांच्या गळ्यात पडला. कुणी हसलं नाही. उलट माजी सरपंचांनी विचारलं, "उद्या किती वाजता हाय?"

सकाळी काका फोन घेऊन दुकानात आले, वेबसाईटकडे तक्रार करायला. "लिहा, बाई. सदर गाडी नियोजित वेळेपूर्वी आल्याने प्रवाशांची गैरसोय होऊ शकते." तक्रार कुठे लिहायची ते शोधताना मी गावाचं नाव बघितलं आणि पाणी पाणी झाले. सुलतानपूर, उत्तर प्रदेश. मी गाव दुरुस्त केलं आणि कानाला हात लावून सगळं कबूल केलं. वाटलं, आता ओरडणार. काका स्टुलावर बसून पोट धरून हसले. "म्हंजे ते आपल्यावरून पुढी तिकडं सात चारले पोचलं. तिथं टायमावरच! चूक गाडीची नाहीच. चूक खिडकीची." आणि मग शांतपणे म्हणाले, "खिडकीची चूक मी समजू शकतो."

पुढच्या आठवड्यात शेडच्या भिंतीवर कुणीतरी चुन्याने लिहिलं, "अंतराळ स्थानक. विनंती थांबा." अक्षर दिलीपचं होतं, पण तो नाही म्हणतो. बसस्थानक अजून आलं नाही. ते अक्षर मात्र दर दिवाळीला नवं होतं.

गेल्या वर्षी काकांचा गुडघा धरला आणि मुलाने दोघांना पुण्याला नेलं. मला करमेना. आधी उगाच वाटायचं, बरं झालं, डोक्याची कटकट गेली. दोन दिवसांत डोळे रस्त्याकडे लागले. तिकडे चौथा मजला, चारी बाजूंनी दिवे, आकाशात काही म्हणजे काही दिसत नाही. पण काकांनी फोनमधलं गाव बदललं नाही. आता आमच्या फाट्याची वेळ ते पुण्याहून फोन करून सांगतात, मी बाहेर जाऊन बघते आणि "आली" म्हणते. मग ते म्हणतात, "नोंद घेतली."

परवा संध्याकाळी फोन आला. "सात अकरा, बाई." मी बाहेर गेले तर आभाळ गच्च भरलेलं. शेडमध्ये सखूआजी पिशवी घेऊन बसलेली, देऊळगाव राजाच्या गाडीची वाट बघत. सात अकरा झाले. फोनमध्ये काकांचा श्वास ऐकू येत होता, आणि माझ्याच्याने "नाही" म्हणवेना.

"आली काका! काय झकास दिसली!"

मग काका म्हणाले, "ढगाचा नकाशा उघडा हाय माह्यासमोर. सिंदखेड राजापासून मेहकरपर्यंत नुसतं पांढरं हाय." मी जीभ चावली. काका हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. "झाली, संगीताबाई, तू बी कंट्रोलर झाली."

"पण ढगांच्या वरून गेलीच ना ती?" मी चिडून म्हणाले.

"गेली ना. टायमावर गेली."

"थांबली काय?" शेडमधून आजी ओरडली.

ते काकांना ऐकू गेलं असावं. फोनमधून एकदम तो जुना, नाकातला, खणखणीत आवाज आला. "आजीले सांग, पुढची दीड तासानं हाय. थांबा म्हणा."

मी सांगितलं. आजीने पिशवी मांडीवर घेतली आणि वर बघत बसली.